मोरीतला पॉइंट

मी एकोणतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यातही वीज हा माझ्या खास आवडीचा विषय. फळ्यावर बॅटरी, बल्ब आणि कळ काढून मी बाण दाखवायचो, विद्युतधारा इकडून निघते आणि अशी फिरून परत येते. पोरं माना डोलवायची, परीक्षेत बाण उलटा काढायची आणि मी गुण कापायचो. या सगळ्या वर्षांत खऱ्या विजेशी माझा जो काही संबंध आला तो एकाच माणसामार्फत आला, आणि त्या माणसानं मला एकदाही पास केलं नाही. ते म्हणजे शामराव कांबळे, वायरमन.

अंगानं किरकोळ, रंगानं सावळे, अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशात टेस्टर आणि कानावर पेन्सिल. त्यांच्या सायकलीच्या हँडलला एक खाकी पिशवी असायची. त्या पिशवीत काय आहे आणि कुठे आहे हे त्यांना न बघता माहीत असायचं. मला माझ्या टेबलाच्या एकाच खणात लाल पेन सापडत नाही, म्हणून मला त्या पिशवीचं फार कौतुक होतं.

नव्वदीच्या सुरुवातीला शिवाजी पेठेतल्या आमच्या घराचं जुनं वायरिंग बदलायचं ठरलं आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शामरावांना बोलावलं. दारात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी नाक वर केलं.

"काकी, कुटंतरी बोर्ड तापतोय."

"अवो, ती माझी भाजी लागली असंल," आई म्हणाली.

"भाजीचा वास येगळा. ती बी लागलीया, ती बगा आधी."

दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. आई स्वयंपाकघरात पळाली, आणि शामरावांनी माजघरातला बोर्ड उघडून आतली काळी पडलेली वायर मला दाखवली. मी शास्त्रीय माणूस असल्यामुळे "अच्छा, रोध वाढल्यामुळे उष्णता," असं म्हणालो. शामराव म्हणाले, "व्हय, आनि स्क्रू ढिला हाय."

त्यांच्या काही सवयी होत्या. कुठल्याही पॉइंटला टेस्टर लावायच्या आधी ते तो चालू असलेल्या दुसऱ्या पॉइंटला लावून बघायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "ह्यो खरं बोलतोय का बगाय पायजे की. मेलेला टेस्टर समदंच मेलंय म्हणून सांगतो." मला हे इतकं पटलं की मी ते दुसऱ्या दिवशी वर्गात माझंच म्हणून सांगितलं.

दुसरी सवय फ्यूजची. मेन स्विच बंद केला तरी त्यांचं समाधान होत नसे. चिनीमातीचा फ्यूज खाचेतून उपसायचा आणि घरातल्या मोठ्या माणसाच्या हातावर ठेवायचा. "ह्यो माझा जीव. काम झालं की मागून घीन. तवर कुनी मागितला तरी द्यायचा न्हाय, मी खांबावरनं वरडलो तरी न्हाय." आई तो फ्यूज कमरेच्या पिशवीत ठेवायची आणि शामरावांचं काम संपेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायची नाही. शेजारीण हळदीकुंकवाला बोलवायला आली तर "शामरावांचा जीव हाय माज्याकडं," म्हणून तिला परत पाठवायची.

एक दिवस आई नव्हती आणि अण्णा बाजारातून यायचे होते, म्हणून शामरावांनी तो माझ्या हातावर ठेवला. मी तो शर्टाच्या खिशात टाकला. साडेदहा वाजले, शाळेची वेळ झाली, मी सायकल काढली आणि गेलो. तिसऱ्या तासाला खडू काढायला खिशात हात घातला तर हातात फ्यूज. वर्गासमोर तो धरून मी थोडा वेळ उभा राहिलो. पोरांना वाटलं सर प्रात्यक्षिक दाखवणार. मुख्याध्यापकांकडे रजा मागायची तर कारण काय सांगायचं, म्हणून मी पाच वाजेपर्यंत तसाच शिकवत राहिलो.

घरी आलो तर अण्णा उघड्या अंगानं वर्तमानपत्रानं वारा घेत बसले होते आणि शामराव जिन्यात शांत बसले होते. दुकान दहा पावलांवर. अण्णा सकाळपासून ओरडत होते, नवा फ्यूज आण आणि घाल. शामराव एकच सांगत होते, "अण्णा, माझा जीव सरांच्या खिशात हाय. आज मी दुसरा घातला तर उद्या कुनीबी दुसरा आनून घालंल. मग त्यो कुनाच्या हातात दिऊन उपेग काय?"

त्या दिवशी अण्णांनी हुकूम काढला. "हितनं फुडं ह्यानं इजेच्या वस्तूला हात लावायचा न्हाय. दिव्याचं बटन दाबायचं असलं तरी इचारून दाबायचं." मी तेव्हा तीस वर्षांचा होतो आणि नववीच्या तीन तुकड्यांना वीज शिकवत होतो. शामरावांना मात्र माझी दया आली असावी. जाताना म्हणाले, "जाऊ दे सर, फ्यूज इसरलासा पन दुसऱ्याला दिला न्हाय, ह्ये चांगलं केलासा."

पेठेत तेव्हा घरोघरी प्लग कमी आणि वस्तू जास्त झाल्या होत्या. टीव्ही आला, मिक्सर आला, टेपरेकॉर्डर आला, आणि भिंतीवर पॉइंट मात्र एकच. मग लोक वायरीची दोन टोकं सोलून सरळ भोकांत खुपसायचे आणि ती निसटू नयेत म्हणून काडेपेटीतल्या काड्या ठोकायचे. शामरावांना या काड्यांचा भयंकर राग. दिसली काडी की मेन बंद करून उपसायची आणि पिशवीतल्या एका डबीत टाकायची. ती डबी ते कधीकधी उघडून दाखवायचे. "ही बगा पेठंतली हुशारी."

तालमीत तर कहर होता. तिथं एकाच प्लगात टेपरेकॉर्डर, पंखा आणि पाणी तापवायची कांडी, सगळं काड्यांवर. शामराव उपसायला गेले तर एक धिप्पाड पैलवान आडवा आला. "हात लावायचा न्हाय. दोन वर्सं चाललंय, कुनाला काय झालं न्हाय."

शामराव त्याच्या काखेत बसतील एवढे. मान वर करून म्हणाले, "पैलवान, तुमी आंगोळ करून वल्ल्या अंगानं ह्या भित्तीला टेकतासा न्हवं? तुमची पाठ अजून कुनी टेकवली न्हाय म्हंत्यात. ह्यो टेकवंल. आनि ह्यो सलामी देत न्हाय."

पैलवानानं एकदा भिंतीकडे पाहिलं आणि बाजूला झाला. शामरावांनी तिथं तीन नवे पॉइंट काढले, कांडीला जाडी वायर वेगळी ओढली आणि मागच्या परड्यात खड्डा खणून अर्थिंगचा पत्रा पुरला. त्यावर कोळसा आणि मीठ टाकताना तालमीतली पोरं हसत होती, म्हणाली, शामराव लोणचं घालतायत. शामरावांनी त्यांनाच रोज एक बादली पाणी ओतायच्या कामाला लावलं.

हे सगळं बघणारे एक गृहस्थ म्हणजे सावंत तात्या. गुळाचे व्यापारी, तालमीचे जुने हितचिंतक, आणि आमच्या मागच्या गल्लीत तीन मजली इमारत बांधायला काढलेले. त्यांनी तिथल्या तिथं शब्द टाकला, "शामराव, माझ्या इमारतीचं फिटिंग तुझ्याकडं."

त्या संध्याकाळी शामराव आमच्याकडे चहाला आले ते सायकल न लावताच. सायकल दारात आडवी पडली तरी त्यांचं लक्ष नाही. मी तपासत असलेल्या पेपरांतला एक कोरा कागद घेऊन त्यांनी त्यावर खोल्या काढल्या. प्रत्येक खोलीत चार-चार पॉइंट. स्वयंपाकघरात सहा.

"सहा कशाला?" मी विचारलं.

"सर, मानूस घर बांधताना भित्ती मोजतो, वस्तू मोजत न्हाय. आज एक हाय, धा वर्सांनी पाच येत्याल. जितं पॉइंट कमी पडत्यात तितं शानी मानसं तयार व्हत्यात." मग म्हणाले, "आजवर मी दुसऱ्याच्या चुकाच निस्तरल्या. एकदा तरी अख्खी इमारत पायापासनं माझ्या हातची पायजे. जमिनीतल्या पत्र्यापासनं वरच्या पाण्याच्या टाकीपतुर. मग कुनीबी येऊन बोट दाकवू दे."

एवढा आनंदी माणूस मी तोवर निकालाच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता. आई म्हणाली, "हुईल की, शामराव." त्यांनी तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवला.

आता मी जे केलं ते सांगतो. आत्तापर्यंत स्वतःची थट्टा करत आलो, कारण ती सोपी होती. इथून पुढची तेवढी सोपी नाही.

मला वेतनवाढीचा फरक मिळाला आणि मी आईसाठी वॉशिंग मशीन आणलं. पेठेत आमच्या गल्लीतलं पहिलं. ते मोरीशेजारी ठेवलं, आणि मग लक्षात आलं की तिथं प्लगच नाही. शामरावांना सांगितलं. ते म्हणाले, "तिसरी वायर मीटरपासनं वडाय लागंल सर. मोरीची जागा, वला हात. आईतवारी येतो. तवर मशीनला नुसतं बगा." तेवढ्यात अण्णा आणि आई गारगोटीला एका लग्नासाठी दोन दिवस गेले. शेजारच्या बायका मशीन बघायला येऊन "चालू करून दावा की" म्हणत होत्या. आणि घरात मी एकटा होतो, विज्ञान शिक्षक.

मी दोन वायरी आणल्या, तीन भोकांचा प्लग आणला, आणि माजघरातल्या बोर्डातून मोरीच्या भिंतीपर्यंत लाईन ओढली. मध्ये वायर कमी पडली तर दुसरी जोडून वेणी घातली आणि टेप गुंडाळला. प्लगाच्या वरच्या मोठ्या भोकाला, म्हणजे अर्थिंगला, जोडायला तिसरी वायर नव्हती. तिथं मी थोडा विचार केला. तोच नडला. अडाणी माणसानं ते भोक मोकळं सोडलं असतं. मी मात्र शिकलेला. न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत जाते त्या वायरीचा, दाब शून्य, जमिनीचाही शून्य, म्हणजे दोन्ही एकच, हे मी मुलांना शिकवलेलं. म्हणून मी बोटाएवढ्या वायरीनं न्यूट्रल आणि अर्थिंग प्लगाच्या आतच एकमेकांना जोडून टाकलं. मशीन सुरू झालं. बायकांनी माना डोलावल्या. मी त्या दिवशी फार खूश होतो.

आई-अण्णा परत आले. अण्णांनी भिंतीवर नवा प्लग पाहून विचारलं, "ह्ये कुनी केलं?" हुकूम मोडला म्हणून ओरडतील या भीतीनं, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, मी म्हणालो, "शामराव येऊन गेले."

रविवारी शामराव आले तेव्हा मी त्यांना दारातच गाठून सांगितलं की आता घाई नाही, पुढं बघू. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, पण गेले.

महिनाभर मशीन छान चाललं. मग एका सकाळी चालता चालता बंद पडलं. माझी वेणी आत सैल होऊन न्यूट्रल निसटली होती. परत जायची वाट तुटल्यावर वीज मशीनमधून फिरून माझ्या त्या बोटभर वायरीनं मशीनच्या पत्र्यात येऊन थांबली होती. फळ्यावर काढला असता तर मी हा बाण बरोबर काढला असता. आईला वाटलं झाकण नीट लागलं नसेल, म्हणून तिनं ओला हात मशीनवर ठेवला.

ती मागं कपड्यांच्या ढिगावर फेकली गेली म्हणून वाचली. उजवा हात दोन दिवस बधिर होता. डॉक्टर म्हणाले, नशीब. मी बाहेर ओट्यावर बसून होतो. तेव्हा एकदा मनात आलं, आत्ताच सांगून टाकावं. पण आतून अण्णांचा आवाज आला, "त्या कांबळेला बोलवा!" काल-परवापर्यंत त्यांच्या तोंडी 'शामराव' होतं. ते एका सकाळीत 'तो कांबळे' झालं. ते ऐकूनही मी उठलो नाही.

शामराव आले ते आधी आईजवळ गेले. हात धरून बोटं हलवायला लावली. मग मेन बंद केला, फ्यूज उपसून आईच्याच डाव्या हातात दिला आणि माझा प्लग उघडला. ती बोटभर वायर त्यांनी चिमटीत धरली. अण्णा डोक्यावर उभे. "काय केलंईस ह्ये, कांबळे? बायकू गेली असती माझी!"

शामरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता, बघण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, तरी मी बघत राहिलो.

"चूक झाली, अण्णा," शामराव म्हणाले.

मग त्यांनी ते काम नीट केलं. माझी सगळी लाईन उपटली. मीटरपासून मोरीपर्यंत जाड्या तीन वायरी सलग ओढल्या, मध्ये कुठंही जोड नाही. आईला उठवून मशीनजवळ उभं केलं आणि हात लांबवायला सांगितला. जिथवर बोटं पोचली तिथं भिंतीवर पेन्सिलीची खूण केली, आणि प्लग त्या खुणेच्याही हातभर पलीकडे, मोरीच्या भिंतीबाहेर बसवला. "वला हात हितवर येऊच शकत न्हाय. प्लगापतुर चालत जायाचं म्हटलं की मानूस आपसूक हात पुसतो." मग आईकडून फ्यूज परत घेऊन बसवला आणि पिशवीतला दिवा काढला. होल्डरला दोन वायरी लावलेला साधा बल्ब. एक टोक फेजला, म्हणजे वीज येते त्या भोकात, दुसरं अर्थिंगच्या भोकात. बल्ब लख्ख पेटला. "हां. आता जमीन झेलतीया. आता काय झालं तर फ्यूज जाईल, मानूस जानार न्हाय."

जिन्यात मी त्यांना गाठलं. माफी मागायला गेलो होतो, पण तोंडातून निघालं, "तुम्ही तसं का म्हणालात?"

शामराव दोन पायऱ्या खाली उभे होते. म्हणाले, "सर, तुमी शाळंत वीज शिकवतासा न्हवं?"

"हो."

"पोरं समदी जित्ती हायत न्हवं?"

मी वर्गातल्या पोरांसारखी मान डोलावली.

"मोरीजवळ पॉइंट मीच द्याय पायजे हुता. फिटिंग केलं तवा काकी म्हनाल्या हुत्या, हितं बी एक असू दे. मीच म्हटलं, मोरीत कशापायी. मशीन येनार, ह्ये मला कळाय पायजे हुतं. त्यो पॉइंट असता तर तुमची हुशारी भाईर आलीच नसती." आणि सायकल काढून गेले.

हे वाक्य मी पुढं नऊ वर्षं वापरलं. मनात टोचलं की मी स्वतःला सांगायचो, शामरावांनीच म्हटलं होतं की चूक त्यांची. माणसाला झोप यायला एवढं पुरतं.

अण्णा गप्प बसणारे नव्हते. चहाच्या गाडीवर, तालमीत, दाढीच्या दुकानात, कांबळेच्या फिटिंगनं बायको मरता मरता वाचली, हे त्यांनी रंगवून सांगितलं. आठवड्याभरात सावंत तात्यांनी दुसरा वायरमन ठरवला. त्यांनी निरोपही पाठवला नाही. शामराव त्यांच्या इमारतीसमोरून जाताना भिंतीत पाइप घालताना दुसरी माणसं दिसली, तेव्हा त्यांना कळलं. हे मला तालमीतल्या त्या पैलवानानं सांगितलं. म्हणाला, "सायकलवरनं उतरून उभा ऱ्हायला बगत. मग गेला." मी "अरेरे" म्हणालो. खरोखर म्हणालो.

शामराव मात्र दर उन्हाळ्यात न बोलावता आमच्याकडे यायचे. बल्ब लावून अर्थिंग तपासायचे, आईची विचारपूस करायचे. अण्णा त्यांच्याशी बोलत नसत. आई चहा करायची आणि स्वतः समोर बसून त्यांना प्यायला लावायची. मी त्या वेळी हमखास पेपर तपासत असायचो. एकदा आईनं विचारलंही, "तू शामरावांशी बोलत का न्हाईस रं?" मी म्हणालो, पेपर फार आहेत. मे महिन्यात.

नऊ वर्षांनी मी कळंब्याकडे लहानसं घर बांधलं. फिटिंग शामरावांनाच दिलं. पायापासून. त्यांच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते, चष्मा आला होता, पण जमिनीत पत्रा पुरताना ते तितकेच कडक होते. स्वयंपाकघरात सहा पॉइंट, प्रत्येक खोलीत चार. मला वाटलं, झाली भरपाई. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर म्हणजे तीन मजली इमारत नव्हे, हे कळण्याइतकं गणित मला येत होतं, पण ते मी सोयीनं बाजूला ठेवलं.

वास्तुशांतीला दुपारी पंगत बसली. अण्णा आता ऐंशीच्या जवळ, आवाज मात्र तसाच. त्यांच्या शेजारी सावंत तात्या, काठी मागं टेकवून. समोरच्या ओळीत शामराव, धुतलेला पांढरा शर्ट, खिशात आज टेस्टर नाही. मी हातात बुंदीचं ताट घेऊन वाढत होतो. तात्यांनी पंख्याकडे बघून विचारलं, "फिटिंग झकास झालंय. कुनी केलं?"

अण्णा मोठ्यानं म्हणाले, "कांबळेनं. जेवा निवांत, पर जाताना बटनाला हात लावू नगासा. आमच्या हिला बसलाय एकदा झटका."

पंगत हसली. शामरावांनी भाताचा घास घेतला होता, तो हात तसाच थांबला. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नऊ वर्षं रोज ऐकलेली गोष्ट ऐकावी तसे ते खाली बघत राहिले. त्यांचं ते खाली बघणं मला सहन झालं नाही. एवढंच खरं कारण. मी काही धीट झालो नव्हतो.

"अण्णा," मी म्हणालो, "तो प्लग शामरावांनी बसवलेला नव्हता. मी बसवला होता. तुम्ही गारगोटीला गेला होता तेव्हा. आईला शॉक लागला तो माझ्या हातानं. शामरावांचा त्या वायरीला हातही लागला नव्हता."

बुंदीचं ताट माझ्या हातात होतं आणि ते खाली कुठं ठेवावं हे मला कळत नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला. अण्णा म्हणाले, "काय?" मी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्यानं, कारण त्यांना कमी ऐकू यायचं. स्वतःचा गुन्हा दोनदा, तोही ओरडून सांगायची पाळी फार लोकांवर येत नसेल.

मला वाटलं शामराव आता म्हणतील, जाऊ दे सर, चूक माझीच हुती. इतकी वर्षं मी त्याच वाक्यावर जगलो होतो. पण शामरावांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. घास पानात ठेवला, मान वर केली आणि समोर बसलेल्या सावंत तात्यांकडे सरळ बघत म्हणाले,

"तात्या, ऐकलासा न्हवं?"

एवढंच. पण त्या आवाजात जे होतं ते ऐकून मला पहिल्यांदा कळलं की या माणसानं नऊ वर्षांतला एकही दिवस ते सोडून दिलेलं नव्हतं. ते वाट बघत होते. जिन्यात जे बोलले ते मला सोपं जावं म्हणून बोलले, आणि मी ते खरं धरून बसलो होतो.

तात्यांनी समोरचं पान जरा पुढं सरकवलं. मग म्हणाले, "ऐकलं, शामराव."

पुढं काही महिन्यांतच शामराव लेकीकडे गारगोटीला राहायला गेले. जाईन जाईन म्हणता माझं काही जाणं झालं नाही, आणि मग जायचं कारणही उरलं नाही. म्हणून मी त्यांना नीट असं शेवटचं पाहिलं ते त्याच दुपारी.

पंगत उठली होती. अण्णा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी विड्यांचं तबक घेऊन शामरावांना शोधत बाहेर आलो. ते फाटकापाशी उभे होते, सावंत तात्या त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, काठी दुसऱ्या हातात, हळू आवाजात काहीतरी सांगत होते. शामराव ऐकत होते. मधूनच एखादं वाक्य बोलत होते, हातानं हवेत मजले दाखवत होते, पहिला, दुसरा, तिसरा. तात्या मान हलवत होते. मी जवळ गेलो. मला खूप काही बोलायचं होतं, नऊ वर्षांचं साठलेलं होतं, आणि आज मी बोललो म्हणून थोडीशी शाबासकीही हवी होती.

"शामराव..." मी सुरुवात केली.

त्यांनी माझ्याकडे न बघता तळहात वर केला.

"सर, जरा थांबा," ते म्हणाले. "आमचं बोलनं चाललंय."

मी तबक धरून बाजूला उभा राहिलो.